भाचे-पुतण्यांना काय द्यायचं? नव्याने मामा, मावशी, आत्या, काका झालेल्यांसाठी

भावाच्या मुलाला पहिल्या वाढदिवसाला मी बॅटरीवर वाजणारा ढोल दिला होता. दिवे लागायचे, तीन ताल वाजायचे आणि आवाज कमी करायचं बटण नव्हतं. भावाचं घर दोन खोल्यांचं. वहिनी त्या वेळी रात्रपाळी करून दिवसा झोपायची. दुसऱ्याच दिवशी ढोल 'बिघडला'. बिघडला म्हणजे त्यातले सेल काढून देव्हाऱ्याच्या खणात ठेवले गेले, हे मला दोन वर्षांनी कळलं.

आज सख्खी-चुलत धरून माझ्या वाट्याला अकरा मुलं आहेत. धाकटं आठ महिन्यांचं, मोठी यंदा अकरावीत. बारशापासून दहावीच्या निकालापर्यंत वर्षभर काही ना काही चालूच असतं. तुमच्या घरात नुकतंच पहिलं बाळ आलं असेल, किंवा लग्न होऊन तुम्ही अचानक सात मुलांची काकू झाला असाल, तर पुढचं तुमच्यासाठी. दुकानात पाय ठेवण्याआधीच निम्मं काम उरकायचं, हे मला उशिरा समजलं.

१. आधी एक वही घाला

फोनमधली नोंद चालेल, पण वही बरी. प्रत्येक मुलाला एक पान. त्यावर जन्मतारीख (घरात वाढदिवस तिथीने करतात की तारखेने तेही), कपड्याचं आणि चपलेचं माप, कशाची ॲलर्जी आहे का, मूल डावखुरं आहे का. शेवटचा मुद्दा गमतीचा वाटेल, पण डावखुऱ्या भाचीला मी साधी कात्री दिली होती आणि ती बिचारी कागद कापण्याऐवजी चावत बसली होती. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते.

त्याच पानावर आपण काय दिलं आणि पुढे त्याचं काय झालं, हेही लिहायचं. दोन महिन्यांनी त्यांच्या घरी गेलात की नजर टाका. वस्तू हाताशी आहे, माळ्यावर आहे, की कामवाल्या मावशींच्या नातवाकडे गेली? दुकानदार कधीच सांगणार नाही अशी माहिती इथे फुकटात मिळते.

२. आईवडिलांना विचारा, पण नीट विचारा

'काय आणू?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं : 'अगं कशाला, काही नको.' त्याऐवजी मी तीन प्रश्न विचारते. सध्या कशात रमतो? घरात कशाची गर्दी झालीय? आणि, पावसाळी बूट आणू की चित्रांचं पुस्तक? दोनांतलं एक निवडायला सांगितलं की माणसं संकोच सोडून खरं बोलतात. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा 'बूट आण गं, फाटलेत' असंच ऐकू येतं.

वाजणारी, स्क्रीनवाली, खूप जागा खाणारी आणि जिवंत अशी कोणतीही भेट विचारल्याशिवाय न्यायची नाही. मासे, ससा, लव्हबर्ड यांचं शी-शू मुलाची आई काढते, मूल नव्हे. आपला देशी पोपट तर कुणी विकायला आणला तरी घेऊ नका. तो पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. टॅबचंही तसंच. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, असं भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे. आईबापांनी महत्प्रयासाने पाळलेला नियम आपण चकचकीत कागदात गुंडाळून मोडायचा नसतो.

३. वय पाहा, आणि खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

तीन वर्षांखालचं मूल प्रत्येक वस्तू आधी तोंडात घालून पाहतं. म्हणून खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकात सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाची एक छोटी नळी वापरतात. खेळणं किंवा त्याचा सुटा होणारा तुकडा त्या नळीत पूर्ण मावला, तर तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. घरी एवढी मोजमापं करायची नसतील, तर बाहुलीचे डोळे, गाडीची चाकं, खुळखुळ्याचं बूच जोरात ओढून बघा. दुकानदार रागावला तर दुसरं दुकान. फुगा निरुपद्रवी वाटतो, पण न फुगवलेला किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशाला घट्ट चिकटतो.

तीन गोष्टींबद्दल मी कुणाचंच ऐकत नाही. पहिली, बटणासारखे चपटे सेल. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजतो. असं खेळणं घ्यायचंच असेल, तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. दुसरी, छोटे ताकदवान चुंबक. दोन गिळले तर आतड्याच्या दोन घड्या मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात, आणि मग शस्त्रक्रियेची वेळ येते. तिसरी, पाण्यात टाकल्यावर फुगणारे ते रंगीत जेलीचे मणी. पोटात गेले तर तिथेही फुगतात.

चिन्हाचं म्हणाल, तर १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाजवळ 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की खरा-खोटा कळतो. नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे. त्यामुळे सावंतवाडीच्या चितारआळीतून घेतलेल्या लाकडी बैलगाडीवर चिन्ह नसलं तर लगेच नाक मुरडू नका. ओल्या रुमालाने घासून रंग सुटतो का ते पाहा, कडांवरून बोट फिरवा, खिळे वर आलेत का बघा. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांवर लाखेचा रंग असतो, म्हणून तान्ह्या बाळाच्या खुळखुळ्यासाठी माझी पसंती त्यांना. फक्त नक्कल विकणारेही बरेच आहेत.

वयानुसार ढोबळ अंदाज असा. वर्षाच्या आत : कापडी चेंडू, खुळखुळा, सुती दुपटं. बाळाला आत बसवायचा चाकांचा वॉकर नको. त्याने मूल लवकर चालतं हा गैरसमज आहे, आणि जिन्यावरून गडगडण्याचे अपघात मात्र होतात. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तिथे मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून गाडा ढकलतं. वर्ष ते तीन : ठोकळे, एकात एक बसणारे डबे, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं. तीन ते सहा : भातुकली, खडू, मातीकाम. आणि भातुकली मुलग्यांनाही द्या. माझा पुतण्या चार वर्षांचा असताना तुळशीबागेतून आणलेल्या पितळी भातुकलीत रोज सगळ्यांना 'चहा' द्यायचा. आता खरा देतो.

सहानंतर नियमांचे खेळ जमायला लागतात : सापशिडी, पत्ते, सागरगोटे, कॅरम. कॅरम घ्यायचा तर पूर्ण मापाचा घ्या, म्हणजे खेळायची जागा ७४ सेंटिमीटर चौरस असलेला. खेळण्यातला छोटा बोर्ड म्हणजे पैसे पाण्यात. मात्र पूर्ण मापाचा बोर्ड भिंतीला टेकवायला त्यांच्या घरात जागा आहे का, हा प्रश्न दुसऱ्या पायरीवरच विचारलेला बरा.

सायकलबद्दल दोन शब्द. कपडे आपण 'वाढत्या अंगाचे' घेतो, सायकल तशी घ्यायची नाही. सीटवर बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मी भाच्याला दोन वर्षं पुरेल अशी मोठी सायकल घेतली, आणि ती दोन वर्षं त्याने ती नुसती पुसली. सायकल घेताना मूल सोबत हवंच. सरप्राइज गेलं तर गेलं.

४. पैशांचं आधी ठरवा

वर्षात प्रत्येक मुलामागे किती खर्च करायचा, तो आकडा जानेवारीतच ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मी त्याचे असमान भाग करते : निम्मा वाढदिवसाला, पाव दिवाळीला, उरलेला बाकी सगळ्या सणांना मिळून. असं न केल्यास पहिल्या वर्षी बारशाला चांदीचे वाळे होतात आणि पाचव्या वर्षी प्लास्टिकची पिचकारी. मुलाच्या लक्षात राहते ती पिचकारी.

सख्ख्या भावंडांमध्ये रकमेचा हिशेब मुलं करत नाहीत, पुड्यांचा करतात. मोठ्याला सहाशेचं एक आणि धाकटीला दोनशेची तीन दिलीत, तर मोठा रडणार. पुड्या सारख्या ठेवा.

५. आता वर्ष

बारशापासून सुरू करू, कारण ते पंचांग बघून येत नाही. बऱ्याच घरांत बाळाच्या जन्माआधी काही घेत नाहीत, म्हणून डोहाळजेवणाला भेट न्यायची ती आईसाठी. बारशाला सगळेजण नवजात मापाची झबली-टोपरी आणतात आणि ती महिन्यात आखूड होतात. तुम्ही सहा ते नऊ महिन्यांचं माप घ्या, आणि तेव्हा ऋतू कोणता असेल ते बोटांवर मोजा. जुलैत जन्मलेलं बाळ त्या मापात जानेवारी ते एप्रिल असणार, म्हणजे सुती हवं, लोकरी नको. चांदी द्यायची तर हॉलमार्क पाहून वाटी-चमचा द्या. वाळे-तोडे आजी देतेच, आणि घुंगरू सैल असेल तर ते बाळाच्या तोंडात जातं. तुम्ही आत्या असाल, तर कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान तुमचा. पाठीवर धपाटे पडणार आहेत, जाड ब्लाउज घाला.

बारशाला थोरल्या भावंडासाठीही एक पुडा न्या. 'तू ताई झालीस म्हणून' असं म्हणून तिच्याच हातात द्या. त्या दिवशी सगळं घर पाळण्याभोवती असतं आणि ती एकटी खिडकीपाशी. माझ्या मते संपूर्ण वर्षातली ही सगळ्यात कामाची भेट आहे, आणि तिला पन्नास रुपयेही पुरतात.

गुढीपाडव्याला लहानांच्या गळ्यात साखरेची गाठी घालतात. तेवढी पुरे. जोडीला फार तर एखादा सुती सदरा, कारण पुढे उन्हाळा आहे. मेमध्ये निकाल लागतात आणि सुट्टी असते. सुट्टीत वस्तूपेक्षा वेळ द्यावा. दोन दिवस आपल्या घरी राहायला बोलावणं, किल्ल्यावर नेणं, पोहण्याच्या वर्गाची फी भरणं. शेवटचं मी दोघांना दिलं, आणि दोघंही आता माझ्यापेक्षा चांगले पोहतात.

जूनमध्ये शाळा. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात महिन्याच्या मध्याला, विदर्भात उन्हामुळे जरा उशिरा. दप्तर, डबा, बाटली, रेनकोट हे सगळं आईवडील घेणारच असतात, म्हणून मे संपायच्या आत 'यातलं एक मी घेते' असं सांगून टाका. रेनकोट दप्तरासकट अंगावर येणारा हवा. दप्तर रिकामं असताना हलकं हवं : भरलेल्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं असं केंद्राचं २०२०चं दप्तर धोरण सांगतं. वीस किलोच्या मुलाला दोन किलो. काही चकचकीत दप्तरं रिकामीच एक किलोची असतात.

श्रावणात राखी. बहिणीला भावाने द्यायचं ठरलेलंच आहे, पण लहान भावाकडे पैसे कुठून असणार? मामा-काका हळूच त्याच्या हातात नोट सरकवतात. मी त्याऐवजी आठवडाभर आधी त्याला स्टेशनरीच्या दुकानात नेते आणि ताईसाठी त्यालाच निवडू देते. एकदा त्याने खोडरबर निवडलं. ताईने ते अजून वापरलेलं नाही, जपून ठेवलंय.

विदर्भात सासर किंवा माहेर असेल तर तान्हा पोळा विसरू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदीबैल सजवून घरोघर नेतात आणि त्यांना खाऊ, पैसे म्हणजे बोजारा मिळतो. पहिल्या तान्ह्या पोळ्याला चाकांचा लाकडी बैल द्यायचा असेल तर चांगला सुताराकडचाच घ्या. तो पुढच्या भावंडाला आणि त्यांच्या मुलांनाही पुरतो. मुंबईच्या मैत्रिणीने नागपूरच्या पुतण्याला त्या दिवशी रिमोटची गाडी पाठवली होती. गाडी घेऊन तो मिरवणुकीत कसा जाणार?

गणपतीत मुलं पाहुण्यांच्या गर्दीत असतात, भेट नको, मोदक पुरेत. दसऱ्याला पाटीपूजन असतं, म्हणून पहिलीत जाणाऱ्याला पाटी-पेन्सिल किंवा चांगली चित्रवही. १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारी मराठी भाषा दिन. या दोन तारखा मी पुस्तकांसाठी राखून ठेवल्या आहेत. त्यामुळे वाढदिवसाला पुस्तक दिल्यावर पडणारा चेहरा बघावा लागत नाही. आठ वर्षांपुढच्या मुलासाठी मासिकाची वर्गणी भरा. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आहे. दर महिन्याला स्वतःच्या नावाने टपाल येणं ही मुलांना फार मोठी गोष्ट वाटते.

दिवाळी. इथे मी किल्ल्याच्या बाजूने आहे. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी मुलाला मातीचे मावळे, महाराजांची मूर्ती, एक तोफ आणि पुडीभर हळीव असं एकत्र बांधून द्या. हळीव ओल्या मातीवर पेरले की तीन-चार दिवसांत हिरवळ येते, म्हणून आधी द्यायचं. लक्ष्मीपूजनाला नेलेत तर किल्ला बोडकाच राहतो. मातीचीच चित्रं घ्या. प्लास्टिकचे सैनिक मिळतात, पण त्यांच्या हातात बंदुका असतात आणि मावळ्याच्या हातात ती बरी दिसत नाही. फटाके मी देत नाही. मागितले तर आईबाबांकडे बोट दाखवते. फराळाच्या ताटासोबत टिकल्या आल्या तर तोंड फिरवते, इतकंच.

नाताळ आमच्याकडे नसतो, पण शाळेमुळे आता मुलं सांताची वाट बघतातच. उशाशी एक पेरू आणि एक पेन्सिल ठेवली, तरी चालून गेलं.

संक्रांतीला पाच वर्षांच्या आतल्यांचं बोरन्हाण, ते रथसप्तमीपर्यंत कधीही होतं. काळं झबलं किंवा काळा फ्रॉक, आणि हलव्याचे दागिने. दागिने निदान पंधरा दिवस आधी सांगून ठेवा, आणि तारेऐवजी दोऱ्यात ओवलेले मागा, कारण मूल ते चाटणारच. डोक्यावरून ओतायच्या खाऊत बोरं, शेंगदाणे, हरभरे, गोळ्या असतात. आलेली मुलं वेगवेगळ्या वयाची असतात आणि सगळी जमिनीवर तुटून पडतात. अख्खा शेंगदाणा, बोराची बी आणि कडक गोळी चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. चुरमुरे भरपूर घाला, बोरं मोठी घ्या, आणि लहानग्यांपाशी एक मोठं माणूस बसवा. मोठ्यांना पतंग द्यायचा तर साध्या सुती दोऱ्यासह. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे, तरी तो गुपचूप विकला जातो. पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे दोन्ही कापतो.

होळीला, रंगपंचमीला : पिचकारी नको, जुना सदरा आणि खोबरेल तेलाची बाटली द्या. मुलं हसतात, आया दुवा देतात.

६. तेरा वर्षांपुढे

इथे माझी वही फारशी उपयोगी नाही. पैसे द्या. खरंच. पाकिटात घालून, वर एक रुपयाचं नाणं आणि दोन ओळींचं हाताने लिहिलेलं पत्र. दहा वर्षांपुढच्या मुलाला स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँका उघडून देतात, तिथे भरा. लहान मुलीच्या नावाने मोठी रक्कम ठेवायची असेल, तर ती दहा वर्षांची व्हायच्या आत तिच्या आईवडिलांना सुकन्या समृद्धी खात्याबद्दल विचारा. वर्षाला किमान २५० रुपये भरून ते चालू राहतं. दहावीची भेट मात्र निकालाच्या आदल्या आठवड्यात देऊन मोकळे व्हा. निकालानंतर दिलेली भेट टक्क्यांना दिल्यासारखी वाटते.

७. परदेशातल्या भाचरांसाठी

कुणीतरी तिकडे जाणारं असतंच आणि त्यांच्या बॅगेत तुमच्यासाठी फार तर दीड किलो जागा असते. पुस्तकं जड असतात, म्हणून पातळ, मोठ्या चित्रांची आणि थोड्या ओळींची निवडा. मराठी बोलता येणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या मुलाला तीच जमतात. आजी-आजोबांच्या आवाजात ती वाचून फोनवर ध्वनिमुद्रण पाठवलंत तर वजन शून्य. हलव्याचे दागिने पाठवू नका. एकदा पाठवले होते; विमानातून उतरेपर्यंत मुकुटाचा भुगा झाला आणि दमटपणाने हाराला पाणी सुटलं. आता मी सुटा हलवा घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत काळा पुठ्ठा, सुई-दोरा आणि भावजयीसाठी करायची पद्धत दाखवणारा व्हिडिओ असं पाठवते. डबा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायला हवा.